दारू: पूर्ण बंद की प्रमाणात? उपचाराचं ध्येय ठरवायचं कसं

निर्मोही
व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने येणाऱ्या समुपदेशकांसाठी टिपण लिहितो आहे. त्यातला हा भाग जाणकारांशी बोलल्याशिवाय पुरा करायचा नाही असं ठरवलंय, म्हणून धागा काढला.

पहिल्या भेटीत समोरचा माणूस म्हणतो, "बंद नाही होणार, पण कमी करतो." आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत यावरचं उत्तर ठरलेलं असतं: एक थेंबही नाही. गल्लीतले डॉक्टर मात्र सहज सांगून जातात, "जरा कमी करा." कमी म्हणजे किती मिली, आठवड्यातून किती दिवस, नाही जमलं तर पुढे काय, हे कोणीच सांगत नाही.

माझं मत आधीच मांडतो. ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालंय त्याला 'प्रमाणात' हे ध्येय देणं ही त्याची फसवणूक आहे. पण जो अजून त्या टप्प्याला गेलेला नाही, त्याच्यावर दारातच 'आयुष्यभर बंद'ची अट घातली तर तो दुसऱ्यांदा येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठल्या तरी प्रकारची मदत मिळाल्याचं दिसलं होतं. ज्यांची पिण्याची पद्धत फक्त घातक आहे, त्यांच्याकडे तर सहसा कोणाचं लक्षच जात नाही.

रेषा कुठे आखायची, प्रमाण लिहून कसं द्यायचं आणि ध्येय बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं, यावर लिहा.

मनोवैद्य
रेषा अंदाजाने आखू नका, 'ऑडिट' भरून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते ४०. ८ ते १५ असतील तर साधा सल्ला, १६ ते १९ ला थोडक्यात समुपदेशन आणि पाठपुरावा, २० किंवा जास्त असतील तर अवलंबित्वाची नीट तपासणी. नवे समुपदेशक फक्त बेरीज बघतात. चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न वेगळे वाचायला शिकवा: सुरू केल्यावर थांबता येत नाही का, दारूपायी ठरलेली कामं राहिली का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का. सहाव्याला होकार आला की 'प्रमाणात'ची चर्चा तिथेच थांबवायची. सकाळी हात थरथरतात आणि एक घोट गेला की थांबतात, ही शारीरिक अवलंबित्वाची खूण आहे. माणूस मनाने खंबीर आहे की नाही याचा तिथे संबंध उरत नाही.

काही बाबतींत गुण कितीही कमी असले तरी ध्येय पूर्ण बंद हेच: लिव्हर सिरॉसिस, स्वादुपिंडाची सूज, गरोदरपण, दारू थांबवल्यावर पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर, आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर. टीबीचे औषधोपचार चालू असणाऱ्याला तर हे ठासून सांगा. ती औषधं आधीच लिव्हरवर ताण देतात.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं जवळपास हेच सांगतात. पिणं घातक आहे किंवा अवलंबित्व सौम्य आहे, सोबत मोठा आजार नाही आणि घरचा आधार आहे, अशा वेळी प्रमाणात पिणं हे ध्येय ठेवता येतं. मध्यम किंवा तीव्र अवलंबित्वात आधी सल्ला पूर्ण बंदचाच. पण रुग्णाला ते मान्य नसेल तर म्हणून उपचार नाकारायचे नाहीत, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. आपल्या केंद्रांनी ही शेवटची ओळ उचलावी असं मला मनापासून वाटतं.

रोज १५ युनिटांच्या वर पिणाऱ्याला दारू थांबवताना औषधांचा आधार द्यायचा आणि ३० च्या वर असेल तर सहसा दाखल करायचं, असेही आकडे तिथे आहेत. ब्रिटिश युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

मोजमाप
हे आपल्या बाटल्यांत बसवून बघू. सूत्र सोपं आहे: मिली गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर ग्रॅममध्ये येतं.

आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची. म्हणजे ३० मिलीचा छोटा पेग १० ग्रॅम, नाइन्टी म्हणजे ९० मिली ३० ग्रॅम, १८० मिलीची क्वार्टर ६१ ग्रॅम. म्हणून टेम्सकाठ यांचे १५ युनिट झाले दोन क्वार्टर आणि ३० युनिट झाले चार क्वार्टर, जवळपास खंबा (७५० मिलीची बाटली). मोठ्या बाटलीतली ६५० मिली बिअर ५ टक्क्यांची असेल तर २६ ग्रॅम, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याच्या दोन स्ट्राँग बाटल्या क्वार्टरला मागे टाकतात. ताडी आणि हातभट्टीचा हिशेब होत नाही, कारण टक्केवारीच माहीत नसते.

पेग विचारून लिहू नका. घरातला नेहमीचा पेला घेऊन यायला सांगा, त्यात पाण्याने रोजचा पेग ओतून दाखवायला लावा आणि ते पाणी औषधाच्या मापात मोजा. 'दोन पेग' म्हणजे नक्की किती, ते पहिल्यांदा त्या माणसालाही तेव्हाच कळतं.

सह्यकडा
+१. पेला मोजायची युक्ती टिपणात हवीच.

चांदणवेल
वॉर्डातल्या बाजूने लिहिते. ध्येय कुठलंही ठरो, रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" सांगून घरी पाठवू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. ४८ ते ९६ तासांत भ्रम होऊ शकतो: माणूस वेळ-जागा विसरतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप आणि नाडी चढते. हे जीवावर बेतू शकतं. पाय मोडून अस्थिरोग विभागात दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बरळायला लागतो आणि नातेवाईक म्हणतात बाहेरची बाधा झाली. दाखल करताना पिण्याचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्यांचा डोस चढवून काही दिवसांत उतरवतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. थायमिन म्हणजे बी-१ इंजेक्शनने, आणि ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत. अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिन संपतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं, गोंधळ, आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. खेडोपाडी 'सलाइन लावा' हा हट्ट फार असतो, म्हणून टिपणात हे ठळक लिहा.

आणखी एक. वारंवार अर्धवट सोडणं आणि पुन्हा धरणं यात प्रत्येक वेळची माघार-लक्षणं (दारू थांबल्यावर होणारे कंप, फिट, भ्रम वगैरे) आधीपेक्षा तीव्र होत जातात. 'बघू, जमलं तर जमलं' असे प्रयोग अवलंबित्व असलेल्याला म्हणूनच महाग पडतात.

बंधुभाव
माझा 'प्रमाणात'लाच विरोध आहे आणि तो तत्त्वाच्या हट्टातून नाही. पूर्ण बंद हा निर्णय दिवसाला एकदा घ्यावा लागतो. प्रमाणात पिणाऱ्याला तो प्रत्येक पेगला घ्यावा लागतो, आणि तोही निर्णय घेणारा मेंदूच सैल झालेला असताना. दोनवर थांबायचं ठरवणारा शुद्धीत असतो, तिसरा ओतणारा नसतो.

एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा मदतगट) १९३५ पासून 'फक्त आजचा दिवस' सांगते ते याचसाठी. आयुष्यभराची शपथ तिथे मागत नाहीत. आणि मीटिंगला यायला अट एकच, दारू थांबवायची इच्छा. ज्याने आज घेतलीय तोही खुर्चीवर बसू शकतो. त्यामुळे 'दारातच अट' हा आरोप सगळ्यांना लावू नका. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं घ्या. १९८६ पासून पूर्ण व्यसनमुक्ती हेच त्यांचं ध्येय आहे, आणि घसरलेल्याला तिथे पुन्हा जवळ करतात.

शिवाय अमेरिकेत 'मॉडरेशन मॅनेजमेंट' हा प्रमाणात पिऊ पाहणाऱ्यांचा मदतगट काढणाऱ्या ऑड्री किश्लाइन यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००० साली दारू पिऊन गाडी चालवताना त्यांच्या हातून बाप-लेकीचा जीव गेला.

टेम्सकाठ
बंधुभाव, तुमचा पहिला परिच्छेद मला पूर्ण पटतो. किश्लाइन यांचं उदाहरण मात्र अर्धं सांगितलंत. अपघाताच्या काही आठवडे आधीच त्यांनी 'माझं ध्येय आता पूर्ण बंद' असं जाहीर करून तो गट सोडला होता आणि त्या एएला जात होत्या. त्यावरून ना मॉडरेशन खोटं ठरतं ना एए. त्यांचं अवलंबित्व तीव्र होतं आणि ते वेळेवर मोजलं गेलं नाही, एवढंच ठरतं. त्या गटाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांतही ३० दिवस पूर्ण बंद आहेच.

या वादाचा इतिहास टिपणात थोडक्यात घ्या. १९६२ मध्ये लंडनच्या डॉ. डेव्हिस यांनी ९३ रुग्णांपैकी ७ जण पुन्हा 'सामान्य' पिऊ लागल्याचं छापलं आणि खळबळ उडाली. १९८५ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी त्याच ७ जणांचा मागोवा घेतला तेव्हा ५ जणांना मधल्या काळात दारूचा मोठा त्रास झाल्याचं निघालं. उरलेल्या दोघांपैकी एकाचं अवलंबित्व मुळात तीव्र नव्हतंच. अमेरिकेत सोबेल दाम्पत्याच्या १९७३ च्या नियंत्रित पिण्याच्या प्रयोगावर १९८२ मध्ये खोटेपणाचा आरोप झाला. चौकशी समितीने त्यांना निर्दोष ठरवलं. टीकाकारांनी प्रमाणात पिणाऱ्या गटाचे दहा वर्षांचे हाल सांगितले, पण 'पूर्ण बंद' गटाचे त्याच काळातले हाल शेजारी ठेवलेच नाहीत. तुलना नसलेला आकडा कोणीही दाखवला तरी आधी दुसरा रकाना मागा.

फोंडेकर
इंग्लंड-अमेरिका झालं, आता गोव्याकडे या. 'संगत' संस्थेचा प्रयोग या धाग्याला थेट लागू आहे. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटचे गुण १२ ते १९ असलेले ३७७ पुरुष घेतले. म्हणजे निर्मोही म्हणतात तेच, घातक पिणारे, अजून पूर्ण अवलंबून नसलेले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी ऑडिट ८ च्या खाली आलेले समुपदेशन गटात ३६ टक्के, नेहमीच्या उपचारात २६ टक्के. शेवटचे १४ दिवस अजिबात न घेतलेले ४२ विरुद्ध १८ टक्के.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. जे त्या १४ दिवसांत प्यायले, त्यांच्या रोजच्या प्रमाणात दोन गटांत फरक पडला नाही. समुपदेशनाने माणसं थांबली, प्यायची तेवढी पीतच राहिलेल्यांचे पेग मात्र घटले नाहीत. बैठकांत पूर्ण बंदची सक्ती नव्हती. सक्ती न करता माणसाने स्वतः बंद निवडलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. आपल्याकडची पिण्याची रीत जेवणासोबत एक पेला अशी फारशी नाही. उपाशीपोटी, भराभर, चढेपर्यंत घेणाऱ्याला मधलं प्रमाण सरावाचंच नसतं.

मनोवैद्य
फोंडेकर, अगदी हाच मुद्दा. ध्येय माणसाने निवडायचं, पण निवडीआधी त्याच्यासमोर त्याचे आकडे ठेवायचे. जीजीटी (दारूने रक्तात वाढणारं लिव्हरचं एन्झाइम), लिव्हरच्या बाकी चाचण्या आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) करून घ्या. दारू थांबली की जीजीटी दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतो. एमसीव्हीला तीनेक महिने लागतात, कारण लाल पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं. महिन्याभराने दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की पुष्कळ जण आपणहून म्हणतात, "राहू दे आता बंदच."

औषधालय
औषधांवर कोणी लिहिलं नाही. ध्येयानुसार औषध बदलतं, ते असं.

नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ: पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं. दोन्ही ध्येयांना चालतं. रोज एक देतात, किंवा प्यायच्या तासभर आधी. मात्र ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर देता येत नाही, आधी ७ ते १० दिवस ती बंद हवीत. दुकानात हे विचारलंच जात नाही.

ॲकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅ: बंद केलेल्याची बंदी टिकवायला. वजन ६० किलोच्या वर असेल तर दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, कमी असेल तर २-१-१. किडनी तपासूनच. दिवसाला सहा गोळ्या असल्याने दुपारचा डोस हमखास चुकतो. तो जेवणाच्या डब्यासोबत बांधा.

डायसल्फिराम २५० मिग्रॅ: फक्त पूर्ण बंदसाठी, तेही माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने. प्यायल्यास चेहरा लाल होतो, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास, शक्यतो २४ तास गेल्यावरच सुरू करायचं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवडे धोका राहतो. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, तेही टाळायचं.

आणि हात जोडून सांगतो: "त्यांना न कळवता चहातून द्यायचं औषध द्या" म्हणत येणाऱ्या घरच्यांना हे देऊ नका. त्या माणसाला माहीतच नाही, तो रात्री नेहमीसारखी क्वार्टर मारतो, आणि हृदयविकार असेल तर जीव जातो. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुडीत काय असतं, ते कोणी छापत नाही.

वऱ्हाडी_रान
वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांत 'प्रमाणात' हे ध्येय कागदावरही धड उतरत नाही. मिळते ती चोरटी, बाटलीत किती टक्के ते कळायला मार्ग नाही, आणि मिळाली की संपवूनच टाकायची सवय. तिथे मोजमाप यांचं सूत्र चालवू नका. आठवड्यातले कोरडे, म्हणजे अजिबात न पिता गेलेले दिवस मोजा, तेवढंच खात्रीने मोजता येतं.

सह्यकडा
श्रावणाचं काय? "मी श्रावण पाळतो, महिनाभर शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. त्यावर समुपदेशकाने काय म्हणावं?

चांदणवेल
दोन गोष्टी बघायच्या. पहिल्या चार दिवसांत कंप, घाम, निद्रानाश आला का? आला असेल तर अवलंबित्व आहे, मग महिना निभावला तरी. आणि श्रावण संपल्यावर किती दिवसांत जुन्या मापावर आला? आठवड्याच्या आत आला असेल तर त्याच्याशी प्रमाणाची चर्चा निष्फळ आहे.

धोका असा की गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम थांबतात. रोज दोन-तीन क्वार्टरवाल्याने असं केलं तर श्रावणाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. श्रावण जरूर पाळा, पण आधी डॉक्टरांना भेटून.

निर्मोही
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. प्रमाणाचं कार्ड असं लिहितोय, दुरुस्त्या सुचवा:

ऑडिट २० च्या खाली, सहाव्या प्रश्नाला नकार, लिव्हरचे रिपोर्ट ठीक, मनोवैद्य यांच्या यादीतलं काही नाही, तरच कार्ड. आधी चार आठवडे पूर्ण बंद. मग दिवसाला ६० मिलीच्या वर नाही, आठवड्यात तीनच दिवस, लागोपाठ दोन दिवस नाहीत. ३० मिलीच्या मापाने मोजून, जेवल्यावर, एका पेगला निदान तास. घरात क्वार्टरपेक्षा मोठी बाटली नाही. ज्या दिवशी गाडी चालवायची त्या दिवशी शून्य. पेग ओतण्याआधी नोंद, नंतर नाही.

मोजमाप
आठवड्याचे १८० मिली म्हणजे ६१ ग्रॅम. इंग्लंडची कमी जोखमीची मर्यादा आठवड्याला १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम, त्याच्या बरंच खाली आहे. ठीक वाटतं. बायकांसाठी आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी आणखी कमी करा. आणि कार्डावर ही मर्यादा आहे, 'इतकी घेतलीच पाहिजे' असा कोटा नाही, हे लिहा. जागतिक आरोग्य संघटना कुठलंच प्रमाण सुरक्षित मानत नाही.

बंधुभाव
कार्ड द्यायचंच असेल तर ते संपतं कधी हेही त्यावर असू दे. नाहीतर 'प्रमाणात' वर्षानुवर्षं चालू राहतं आणि माप दर दिवाळीला वाढतं.

मनोवैद्य
बंधुभाव यांची सूचना घ्याच. मी मुदत बारा आठवडे ठेवतो, पहिला महिना दर आठवड्याला भेट. चार आठवड्यांची सुरुवातीची बंदीच पाळता आली नाही, तर कार्ड सुरूच होत नाही. सुरू झाल्यावर एका महिन्यात तीनदा मर्यादा मोडली, सकाळी घ्यावीशी वाटली, लपवून घेतली किंवा जीजीटी चढला, तर ध्येय बदलून पूर्ण बंद. हे पहिल्याच दिवशी त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. तेव्हा तो स्वतः मान्य करतो. नंतर सांगितलं तर ती शिक्षा वाटते आणि तो यायचा थांबतो.

फोंडेकर
नोंद बायकोकडे ठेवू नका एवढी विनंती. रोज संध्याकाळी घरात पोलीस आणि आरोपी तयार होतात आणि मार तिला बसतो. वही त्याची, तपासणी समुपदेशकाची. तिची भेट वेगळी घ्या. घरात मारहाण होत असेल तर कार्ड रद्द, आधी तिच्या सुरक्षिततेचं बघा.

निर्मोही
मुदत, मोडण्याच्या अटी आणि वही कोणाकडे, तिन्ही घेतो. मारहाणीचा प्रश्न ऑडिटच्याही आधी विचारायचा, आणि तो तिला एकटीला, असा क्रम लावतो आहे. 'नकळत औषध' आणि 'ग्लुकोजआधी थायमिन' हे दोन चौकटीत टाकतो. कच्चा मसुदा रविवारी इथेच डकवेन. औषधालय, डोसचे आकडे तेवढे एकदा तपासून द्याल का?

औषधालय
देतो. नाल्ट्रेक्सोनच्या शेजारी लिव्हर चाचणीचा रकाना ठेवा: सुरू करण्याआधी एक, मग महिन्याने एक.